सुगरण, बांडगूळ आणि सालिम अली

निसर्गातील वस्तूंना भाषा जेव्हा नाव देते, तेव्हा त्या नावात पुष्कळदा एक निवाडाही दडलेला असतो. मराठीत ‘सुगरण’ म्हटले की कौतुक आले आणि ‘बांडगूळ’ म्हटले की तुच्छता आली. पहिला शब्द मुळात निगुतीने घर चालवणाऱ्या, स्वयंपाकात निपुण असणाऱ्या स्त्रीचा. तो आपण एका पक्ष्याला दिला. दुसरा मुळात एका वनस्पतीचा. तो आपण दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसांना, राजकारणातील आश्रितांना आणि समीक्षेच्या प्रांतात अनुकरणावर पोसलेल्या लेखनाला बहाल केला. या दोन्ही शब्दांमागील प्रत्यक्ष जीवसृष्टीची तपासणी एकाच माणसाने, जवळजवळ एकाच वेळी, कोकणच्या भूमीवर केली. पक्षिशास्त्राच्या इतिहासात तिची नोंद झाली आहे. पण भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनाही तिच्यातून घेण्यासारखे बरेच आहे, असे आम्हांला वाटते.

सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या आयुष्यातील १९३० हे वर्ष अडचणीचे होते. मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात ते मार्गदर्शक-व्याख्याते होते. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन स्ट्रेझेमान या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. परत येऊन पाहतात तो निधीअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. विद्या होती, पण नोकरी नव्हती. तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तेथे ना संग्रहालय होते, ना प्रयोगशाळा. झाडे होती, पक्षी होते आणि हाताशी भरपूर वेळ होता.

या वेळेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील पक्षिशास्त्राची रीत ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पक्षी मारावा, त्याचे कातडे पेंढा भरून जतन करावे, मापे घ्यावीत, जात-पोटजात ठरवावी, असा तो मुख्यतः वर्गीकरणाचा उद्योग होता. स्वतः सालिम अलींनीही तो आयुष्यभर केला. परंतु खणात ठेवलेला पक्षी आपला रंग सांगतो, आपले आचरण सांगत नाही. त्यासाठी एकाच झाडाखाली दिवसच्या दिवस बसावे लागते. किहीमला सालिम अली नेमके तेच करीत होते.

सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर त्यांनी पाळत ठेवली आणि हाती आलेले निष्कर्ष १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. खोपा विणतो तो नर. तोही एकदम पुरा करीत नाही. अर्धा विणून थांबतो. मग माद्या येतात आणि ते अर्धे बांधकाम पारखतात. एखादीने पसंत केले तरच तो खोपा पूर्ण होतो. मादी आत अंडी घालून उबवायला बसली की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकामागून एक अशी अनेक माद्यांशी जोडी जमवण्याची ही रीत आहे. तेव्हा एक जोडपे, त्यांचे एक घरटे, हे आपल्या मनातील चित्र या पक्ष्याला मुळीच लागू पडत नाही.

आता आपल्या शब्दाकडे वळू. ‘सुगरण’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि कारागीर मात्र नर आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेने सुगरणीचा खोपा महाराष्ट्रात घरोघरी नेला. त्या कवितेत खोपा हे पिलांसाठी झटणाऱ्या आईचे कर्तृत्व आहे. मग कविता खोटी ठरते का? आम्हांला तसे वाटत नाही. अंडी उबवण्याचे काम मादीच करते, पिलांचा मुख्य भारही तिच्यावरच असतो; आणि कवितेचा खरा विषय माणसाने शिकावे हा आहे, पक्ष्याची दिनचर्या हा नव्हे. तथापि वर्गात ही कविता शिकवताना खोप्याचा विणकर कोण, हे सांगितल्याने कवितेची हानी होत नाही. उलट, कष्ट आणि माया यांना आपली भाषा आपसूक स्त्रीलिंगी का करते, हा एक चांगला प्रश्न विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, सालिम अलींचा आणखी एक लेख आला. विषय होता कोकणातील बांडगुळाचा प्रसार आणि त्यातील शिंजीर व फुलटोच्या या पक्ष्यांचा वाटा. आंब्यासारख्या झाडांवर वाढणारे हे बांडगूळ सर्वस्वी आयतोबा नसते. त्याची पाने हिरवी असतात आणि आपले अन्न ते स्वतः तयार करते. आश्रयदात्या झाडाकडून घेते ते पाणी आणि क्षार. त्याच्या लांब नळीदार फुलांत शिंजीर मधासाठी चोच घालतो आणि परागकण दुसऱ्या फुलावर नेतो. फळ पिकले की अंगठ्याएवढा फुलटोच्या ते गिळतो. गर पचतो, चिकट बी मात्र साबूत बाहेर पडते आणि पक्षी ते फांदीवर अंग घासून पुसून टाकतो. तेथेच ते रुजते. बांडगूळ फुलटोच्याला जेवू घालते आणि फुलटोच्या बांडगुळाची पेरणी करतो, असा हा व्यवहार आहे. पुढे १९८३ साली प्रिया दविदार यांनी दक्षिण भारतातील काही बांडगुळांची फुले आणि फळे यांत साम्य असते, एकच फुलटोच्या दोन्हींकडे येतो, हे दाखवून या अभ्यासाचा धागा पुढे नेला.

या व्यवहारात कीटकांचाही भाग आहे. पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा आणि लाल रंग मिरवणारे, म्हणून मराठीत ‘हळदीकुंकू’ नाव मिळालेले फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर घालते. त्याचे सुरवंट झुंडीने तीच पाने खातात. ज्या झाडावरून बांडगूळ कायमचे उतरवले, त्या झाडाच्या परिसरातून हे हळदीकुंकूही उठण्याचा संभव असतो.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. बागायतदाराची तक्रार खोटी नाही. बांडगूळ फार माजले की फांदी वाळते, फळ घटते. आणि सालिम अलींच्या लेखातही बांडगूळ हे ‘वृक्षपरोपजीवी’ म्हणूनच येते. पण परोपजीवी असणे आणि निरुपयोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग यांनी काही वनखंडांतून सगळी बांडगुळे काढून टाकली आणि तीन वर्षांनी पक्ष्यांची मोजदाद केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या वनखंडांतील पक्ष्यांच्या सुमारे एक-पंचमांश जाती नाहीशा झाल्या होत्या. नवल म्हणजे त्यांत फळे खाणाऱ्यांपेक्षा कीटक टिपणारे पक्षी अधिक होते. बांडगुळाचा पाचोळा जमिनीला कस देतो, त्यावर कीटक वाढतात आणि त्यांवर पक्षी जगतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

अमरकोशात या वनस्पतीला ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ अशी दोन्ही नावे दिलेली आहेत. पहिले म्हणते, ही झाड खाणारी. दुसरे म्हणते, ही झाडावर वाढणारी. एकात आरोप आहे, दुसऱ्यात केवळ निरीक्षण. मराठीने व्यवहारात आरोप तेवढा जवळ केला आणि तो इतका पक्का झाला की मूळ वनस्पती न पाहिलेली माणसेही हा शब्द सहज फेकून मारतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी झाडावरचे बांडगूळ ओळखीने पाहिले असेल, याची आम्हांला शंका आहे.

साहित्याच्या समीक्षेत जेव्हा एखादी कृती, एखादा प्रवाह वा एखादी भाषांतरित परंपरा ‘बांडगुळी’ ठरवली जाते, तेव्हा ही माहिती उपयोगी पडावी. ज्याने काही उसने घेतले, त्याने कोणाला काही दिले का, त्याच्या फुलांवर कोण आले, त्याची फळे कोणी कुठे नेली, हे प्रश्न विचारल्याखेरीज तो शब्द वापरणे म्हणजे तपासणीआधीच निकाल देणे होय. सालिम अलींनी प्रतिमांविषयी काही लिहिले नाही. ते आपले काम करीत झाडाखाली बसले होते. परंतु प्रतिमा ज्या वस्तूवरून घेतली ती वस्तू पुन्हा एकदा पाहून यावी, एवढी शिस्त त्यांच्या १९३१च्या या दोन लेखांवरून आपल्याला नक्कीच घेता येईल. सुगरणीची कविता किंवा बांडगुळाचा दृष्टान्त अभ्यासक्रमात येईल, त्या दिवशी तास वर्गाबाहेरच्या आंब्याखाली घ्यायलाही हरकत नसावी.