निघण्यासाठी चिकटलेली पट्टी

१९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस आली. वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या, मधली रेघ काटेकोर. झटपट वाळणारे लॅकर रंग नुकतेच बाजारात आले होते आणि स्प्रेने काम भराभर व्हायचं, पण ती मधली रेघ रंगाऱ्यांच्या जिवावर यायची. अर्धी गाडी वर्तमानपत्रांनी झाकायची, कागद खळीने किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीने डकवायचे आणि दुसरा रंग मारायचा. मग कागद ओढला की त्याच्याबरोबर आधीच्या रंगाचा पापुद्राही निघायचा. सगळं काम पहिल्यापासून.

१९२३ साली मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात अशाच एका दुकानात रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकत रिचर्ड ड्रू उभा होता. वय जेमतेम चोवीस. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडलेलं, त्याआधी नाचाच्या कार्यक्रमांत बँजो वाजवून पैसे मिळवलेले. आता तो थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत साधा मदतनीस होता आणि कंपनीचा नवा वॉटर पेपर रंगाऱ्यांना वापरायला द्यायला आला होता. चिकटपट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी ‘मी करून देतो’ असं बोलून तो मोकळा झाला.

त्याची कंपनीही काही कमी नव्हती. १९०२ साली ती खाणकामासाठी निघाली. हवा होता कुरुंद दगड, हाती लागला भलताच. मग पॉलिश पेपर बनवून तिने कसाबसा तग धरला. पण पॉलिश पेपर म्हणजे तरी काय, कागदावर गोंदाने बसवलेली दगडाची भुकटी. कागद कसा वागतो आणि गोंद कसा वागतो, हे त्या घराला ठाऊक होतं. ड्रूच्या फुशारकीला एवढाच आधार.

त्याला पाहिजे होतं ते मात्र कंपनीच्या धंद्याच्या नेमकं उलट. पॉलिश पेपरवरचा कण सुटता कामा नये. इथे पट्टी सुटलीच पाहिजे, तीही रंगाला धक्का न लावता. गोंद इतपत चिकट हवा की कडेखालून रंग झिरपणार नाही, आणि इतपत दुबळा की ओढताच सोडून देईल. शिवाय गुंडाळी उलगडताना पट्टी स्वतःच्याच पाठीला धरून बसायला नको. ड्रूने तेलं, राळा, नाना मिश्रणं करून पाहिली. कंपनीचा कारभार पाहणाऱ्या विल्यम मॅकनाइट यांनी ‘पुरे झालं, पॉलिश पेपरकडे वळ’ असं बजावलं. ड्रू वळला आणि पुन्हा लपूनछपून इकडे आला. १०० डॉलरपर्यंतची खरेदी त्याच्या अधिकारात होती, म्हणून यंत्राचा खर्च त्याने ९९-९९ डॉलरच्या मागण्यांत वाटून टाकला, असं सांगतात. मॅकनाइटना हे पुढे कळलं. त्यांनी काणाडोळा केला. माझ्या मते या शोधातला निम्मा वाटा त्या काणाडोळ्याचा आहे.

१९२५ साली जमलं: सुतारकामाचा सरस, त्यात ओलावा टिकवणारं ग्लिसरीन, आणि खाली सुरकुत्यांचा क्रेप कागद. खरी युक्ती सुरकुत्यांची. साधा कागद मडगार्डच्या वळणावर फुगतो किंवा फाटतो; सुरकुत्यांचा ताणला जातो आणि वळतो. सुरुवातीच्या दोन इंची पट्टीला गोंद फक्त कडांना होता. ती गळून पडल्यावर एका रंगाऱ्याने ‘तुझ्या कंजूष स्कॉच साहेबांना सगळीकडे गोंद लावायला सांग’ असं सुनावलं म्हणे. कंपनीने ती शिवीच ब्रँडचं नाव करून टाकली.

या मास्किंग टेपचे पुढचे उपयोग लोकांनी शोधले. हाताने फाटते आणि पेनाने लिहिता येतं, म्हणून डब्यांवर तारखा. जलरंगवाले कागद फळीवर चारी बाजूंनी पट्टीने बसवतात. चित्र वाळून पट्टी काढली की पांढरी कड आपोआप मिळते. सुतार प्लायवर कापायच्या जागी ती लावतो, म्हणजे वरचा थर कमी चिरफाळतो; ड्रिलच्या पात्याला गुंडाळली की भोक किती खोल करायचं याची खूण होते. भिंतीवर कड झिरपू नये म्हणून आधी जुन्याच रंगाचा एक हात पट्टीच्या कडेवरून मारावा, मग नवा. रंग पुरता कडक होण्याआधी पट्टी मागे दुमडून सावकाश ओढावी. उन्हात आठवडाभर विसरलात, तर साधी पट्टी तुकड्यातुकड्यांनी खरवडावी लागते. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात मात्र थेट मूळचाच उपयोग दिसतो: काचेवर कालचं वर्तमानपत्र आणि कडेने ही पट्टी.

जपानात कुराशिकीच्या कामोइ काकोशी कंपनीने १९२३ सालीच, पण माश्या पकडायच्या चिकट कागदाने धंदा सुरू केला होता. पुढे ती जपानी वाशी कागदाच्या मास्किंग टेप बनवू लागली. २००६ साली टोकियोतल्या तिघी जणी तिचा कारखाना पाहायला आल्या. त्यांना या टेपवर पुस्तिका काढायची होती. रंगीत टेप करा, असा त्यांनी आग्रह धरला. कारखान्यातल्या लोकांना त्यात काय सुंदर दिसतं ते कळेना, तरी २००८ साली रंगीबेरंगी टेप बाजारात आली आणि वह्या, पाकिटं, भिंती सजवायला देशोदेशी गेली. माश्यांचा कागदही कंपनीने सोडलेला नाही. त्याचा गोंद अर्थात सुटण्यासाठी बनवलेला नाही.