रिकाम्या पुंगळीचा पुनर्वापर : सुरक्षा आणि कायदा

अंबरनाथ पश्चिमेच्या आयुध निर्माणीचा पितळाशी जुना संबंध आहे. काडतुसाची पुंगळी ज्या पितळातून घडते, त्यात साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी 'यंत्र इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आहे.

बार उडाल्यावर गोळी, दारू आणि प्रायमर खर्ची पडतात, पुंगळी उरते. ती मूळ मापात आणून पुन्हा भरण्याचा प्रघात अमेरिकेतील नेमबाजांमध्ये आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो. काडतुसे तयार करण्याची यंत्रसामग्रीही या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच ठरते, हे अनेक हौशी मंडळींना ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे कारावास आहे.

पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसलेली 'एसएलआर' ही अर्धस्वयंचलित रायफल. अशा शस्त्रात पुंगळी पुन्हा वापरणे अधिक जोखमीचे असते. ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसात दाब चौरस इंचाला सुमारे ६० हजार पौंडांपर्यंत चढतो. पुंगळी फुगून चेंबरला चिकटते, आणि दाब पुरता ओसरण्याआधीच यंत्रणा तिला ओढून बाहेर फेकते. प्रत्येक वेळी पितळ थोडे ताणले जाते. बुडाच्या किंचित वर चकचकीत कडे दिसू लागले, तर ती पुंगळी मोडीत काढावी. पुढच्या बाराला ती तिथेच तुटू शकते. हाताने बोल्ट ओढण्याच्या रायफलीत केवळ मानेचे माप दुरुस्त करून भागते, इथे पूर्ण पुंगळी मापात आणावी लागते.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आतच हवा. तो वर राहिला, तर बोल्ट आपटताच, घोडा न ओढता, बार उडू शकतो. गोळी मानेत घट्ट बसलेली नसेल, तर चेंबरमध्ये शिरताना आत ढकलली जाऊन दाब वाढतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे दारू भरायची राहणे. प्रायमरच्या जोरावर गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागे दुसरा बार उडाल्यास नळी फुटते. आवाज दबका आला, तर लगेच थांबावे, मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे करावे व नळी आरपार मोकळी आहे का ते तपासावे. बारच उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबावे.