डोंग्यावरची बंडी, फेरीबोटीवरची मोटारसायकल

वऱ्हाड हा नद्यांचा प्रदेश खरा, परंतु तो होड्यांचा प्रदेश कधीच नव्हता. सातपुड्यात भैंसदेहीजवळ उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांच्या काळ्या मातीतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेवपाशी तापीला मिळते. उन्हाळ्यात तिला ठिकठिकाणी उतार असतो. बैलांच्या पोटालाही पाणी लागत नाही आणि बंडी सुखरूप पैलतीरी जाते. पावसाळ्यात हीच पूर्णा दोन्ही काठ भरून वाहते. पूल नव्हते त्या काळी अशा वेळी माणसाला दोनच गोष्टी करता येत. पाणी ओसरेपर्यंत अलीकडे मुक्काम करणे किंवा नावाड्याच्या हवाली होणे.

नावाड्याच्या हवाली होताना माणसाचा प्रश्न सोपा असे, वाहनाचा अवघड. एकट्या डोंग्यावर बंडी चढवणे म्हणजे डोंगा उलटवणेच. म्हणून भारतभरच्या नावाड्यांनी एक युक्ती फार पूर्वीच शोधून काढली होती. दोन नावा शेजारी शेजारी लावून त्यांवर आडवे बांबू बांधायचे, वर फळ्यांचा तराफा करायचा आणि त्यावर बैल सोडलेली बंडी ठेवायची. चाकांना दगडांची उटी द्यायची, धुरा दोराने आवळायची आणि बैलांना पोहत न्यायचे. या साऱ्या खटाटोपामागे एकच तत्त्व होते. पाण्यावर असताना वाहनाने स्वतःची हालचाल विसरावी आणि नावेचा एक भाग होऊन राहावे. नाव कलली की सुटे ओझे कललेल्या बाजूस सरकते. ते सरकले की नाव आणखी कलते. नावा बुडतात त्या पुष्कळदा लाटेने नव्हे, तर या दुसऱ्या कलण्याने.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडाचे चित्र पालटले. नद्यांवर पूल आले, कापूस आगगाडीत चढला आणि नावाड्याची विद्या मागे पडली. मात्र ओझे बांधण्याची विद्या वऱ्हाडाने सोडली नाही. ती नदीकाठावरून प्रेसिंग फॅक्टरीत गेली. सरकी काढलेली रुई दाबून, पट्ट्यांनी आवळून तिची गठाण करतात, तेव्हा दाब आणि ताण या दोन गोष्टी एकमेकींना धरून ठेवतात. आज भारतीय गठाण १७० किलोंची असते. जुन्या बुलेट मोटारसायकलचे वजनही थोड्याफार फरकाने तेवढेच. हा केवळ योगायोग आहे हे आम्ही जाणतो, पण पुढील विवेचनात तो आमच्या उपयोगी पडणार आहे.

आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासात हे वाहन कसे आले, तेही पाहिले पाहिजे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिशनरी संघाचे फ्रेंच धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि मध्य हिंदुस्थानातील मिशनकार्य त्यांच्याकडे आले. १९५५ साली नागपूर धर्मप्रांतातून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. १९७७ साली औरंगाबाद स्वतंत्र होईपर्यंत त्याचा विस्तार मराठवाड्यापर्यंत होता. एवढ्या मुलखात मिस्सा, अंत्यविधी आणि आजाऱ्यांच्या भेटी पायी किंवा बंडीने कशा उरकणार? योगायोग असा की, मद्रासला एन्फिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली तेही सालही १९५५ च. पुढे १९६२ पासून राजदूत मिळू लागली.

मिशनऱ्याला वाहन हवे, हा विचार मात्र त्याहून जुना आहे. पाउल शुल्टे या जर्मन धर्मगुरूंचा एक मिशनरी मित्र आफ्रिकेत आजारी पडला आणि वेळेवर वाहन न मिळाल्याने दगावला. त्या दुःखातून शुल्टे यांनी १९२७ साली ‘मिवा’ ही संस्था स्थापन केली. मोटारी, मोटारसायकली, होड्या, विमाने, जे मिळेल ते मिशनांना पुरवणे हे तिचे काम होते. होडी आणि मोटारसायकल यांना एकाच यादीत बसवणाऱ्या या धर्मगुरूंची दृष्टी आम्हाला मोठी वाटते. संत ख्रिस्तोफर यांच्याविषयीही तेच म्हणता येईल. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारे हे संत आधी नावाड्यांचे आश्रयदाते होते, विसाव्या शतकात ते मोटारचालकांचेही झाले. १९६९ साली त्यांचा सण वैश्विक दिनदर्शिकेतून वगळला गेला, म्हणून त्यांची भक्ती बंद झाली असे काही लोक समजतात. तसे नाही. २५ जुलैला वाहनांना आशीर्वाद देण्याची प्रथा अनेक देशांत आजही चालू आहे.

मोटारसायकल आणि नाव यांची खरी गाठ आपल्या महाराष्ट्रात समुद्रकाठी पडली. गोव्यात ती त्याआधीच पडली होती. मांडवीवरचा नेहरू पूल १९७० साली खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. १९९२ साली नवा पूल होईपर्यंत पणजी आणि बेती यांमधील ये-जा मुख्यतः फेरीबोटींनीच सांभाळली. कोकणात दाभोळ आणि धोपावे यांमध्ये २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये आली आणि आपल्या वसईकर बंधूंना भाईंदरशी जोडणारी सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जायचे म्हणजे फेरीबोट आलीच. वऱ्हाडच्या भाविकाला तिथे जो प्रश्न पडतो, तो आपल्या पणजोबांचाच आहे. वाहन पाण्यावर धरायचे कसे?

खाडीच्या छोट्या फेरीत दोर वापरतच नाहीत. तिथे स्वारच दोराचे काम करतो. मागे बसलेल्याने रॅम्पच्या आधी उतरून पायी चढावे. ओला, शेवाळलेला लोखंडी रॅम्प पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न दाबता, सरळ रेषेत चढावा. बोटीच्या लांबीला समांतर गाडी उभी करून इंजिन बंद करावे, गिअर तसाच ठेवावा, साइड स्टँड लावावा आणि गाडीच्या डाव्या बाजूस उभे राहून पुढचा ब्रेक हाताने धरावा. पुष्कळ जण गाडीवर बसूनच पलीकडे जातात. आम्हाला ते मान्य नाही. बोट धक्क्याला आदळली तर बसलेल्याचा पाय गाडीखाली सापडतो. उभ्या माणसाला निदान बाजूला होता येते. गाडी पडतच असेल तर पडू द्यावी.

तासाभराच्या समुद्रप्रवासाला मात्र दोर हवाच, आणि इथे आपली गठाण आठवावी. मोटारसायकल नुसती बांधून भागत नाही, ती दाबून बांधावी लागते. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या जोडापासून दोन पट्टे दोन बाजूंना, तंबूच्या ताणांसारखे, खाली डेकच्या कड्यांत न्यावेत. हँडलच्या टोकाला किंवा आरशाला ते कधीही बांधू नयेत. पट्टे आवळताना शॉकॲब्सॉर्बर त्याच्या क्षमतेच्या साधारण निम्मा दबला की थांबावे. तो दबलेला राहिला की वर येऊ पाहतो आणि पट्टा आपोआप ताठ राहतो. गठाणीत रुई हेच काम करते. पूर्ण दाबला तर ऑइल सील निकामी होते. मागे चौकटीपासून आणखी दोन पट्टे घ्यावेत, चाकांना लाकडी उटी द्यावी, पट्टा सीटवरून जात असेल तिथे बारदान घालावे आणि पुढच्या ब्रेकचा दांडा रबरी पट्टीने आवळून ठेवावा. मेन स्टँडवर गाडी ठेवू नये. तिथे ती दोन पायांच्या पाटासारखी डुलते. अर्ध्या तासाने ताण पुन्हा पाहावा, कारण दोर भिजला की सैल पडतो किंवा आखडतो. रेल्वे पार्सलने गाडी पाठवताना आपण बडनेऱ्याला पेट्रोल काढून टाकतो आणि गाडीला बारदान गुंडाळतो, त्याच कसबाची ही पुढची पायरी.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही वाहनवाहू बोट पुढचे दार उघडेच राहिल्याने उलटली आणि १९३ माणसे गेली. वाहनांच्या मोकळ्या डेकवर पाणी शिरले आणि एका बाजूला धावले, एवढेच कारण पुरले. आपल्या जवळचे उदाहरण मोटारसायकलचे नसले तरी त्याच पाण्याचे आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांना जलसमाधी मिळाली. लहान नावेत माणसांचे ओझेच पुरेसे असते. तीत वर मोटारसायकल चढवण्याचा मोह पुरातल्या घाईत होतो आणि तिथे कोणताही पट्टा उपयोगी पडत नाही. जोडनाव नसेल तर गाडी अलीकडेच ठेवावी.

पूल आहेत तोवर हे वऱ्हाडात कशाला हवे, असे आम्हालाही वाटत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्राम येथील पूर्णेचा ब्रिटिशकालीन पूल तडा गेल्याने वाहतुकीस बंद झाला. शाळकरी मुले, नोकरदार, बाजाराला जाणारे शेतकरी, सारे एका दिवसात पैलतीरी अडकले. त्याच वर्षाच्या अखेरीस अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली आणि मोटारसायकल घरी ठेवून लोक आगगाडीने जाऊ लागले.