शंभर रुपयांत कुणाला ओळखता येतं?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेच्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर एक एक्सेल फाइल पाठवली. चौतीस नावं आणि तीन कॉलम : नाव, वय, मुलगा की मुलगी. खाली मेसेज होता, 'माणशी १०० रुपये. तू पुण्यात आहेस तर होलसेलमध्ये बघ. नाताळच्या आदल्या रविवारी वाटायचंय.'

ही मुलं ऊसतोड कामगारांची. मी मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे दिवाळी झाली की बीडकडून येणाऱ्या टोळ्या लहानपणापासून बघत आलोय. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात रस्त्याकडेला कोप्या उभ्या राहतात, चार-पाच महिने माणसं राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की सगळं उठून जातं. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो. उचल कोयत्यावर दिली जाते, टोळी कोयत्यांवर मोजली जाते. पोरं त्या हिशोबात कुठेच नसतात. मित्राच्या घरचे गेली काही वर्षं एका टोळीवर जाऊन नाताळला मुलांना काहीतरी देतात. टोळी दरवर्षी तीच असेल असं नाही. म्हणजे दरवर्षी मुलं नवी आणि अनोळखी.

मी सॉफ्टवेअरवाला. फाइल उघडून पहिलं काम केलं ते गट पाडण्याचं. चार वर्षांपर्यंत : चेंडू. पाच ते आठ : खडू आणि चित्रांची वही. नऊच्या पुढे मुलगा : प्लास्टिकची बॅट. नऊच्या पुढे मुलगी : क्लिपा आणि बांगड्यांचा सेट. दहा मिनिटांत काम संपलं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत भाव काढले, माणशी ९२ रुपये बसत होते. खूश होऊन मित्राला फोन लावला. तो त्याच्या आईने उचलला. काकू निवृत्त नर्स आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, हे सगळं तू वयाला दिलंस. पोरांना काय देणार?"

मला थोडा रागच आला. शंभर रुपयांत आणि तीन कॉलममध्ये आणखी काय करणार? पण त्या वाक्याने डोकं खाल्लं. मग मी वाचायला लागलो की, ज्यांना आपण ओळखत नाही अशा माणसांना नाताळची भेट देताना लोकांनी आजवर काय काय केलंय. हा इतिहास माझ्या फाइलपेक्षा बराच जुना निघाला आणि त्याचं एक टोक मिरजेतच होतं.

पेटीतून आलेला बर्फ

१८८९ साली डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आले. १८९४ मध्ये मिरजेला त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. सांगली आणि मिरजेच्या मध्ये 'वानलेसवाडी' आहे, ते नाव त्यांचंच. त्याच मिशनची सांगलीत मुलांची शाळा आणि वसतिगृह होतं. तिकडे साताऱ्यात आणि वाईत दुसरं मिशन काम करत होतं, अमेरिकन मराठी मिशन.

अशा मिशन शाळांसाठी अमेरिकेतल्या चर्चमधून आणि संडे स्कूलमधून नाताळच्या पेट्या यायच्या. त्यांत बाहुल्या, पेन्सिली, शिवणाच्या पिशव्या, चित्रांची कार्डं असत. बोटीने येणाऱ्या पेटीला अनेक आठवडे लागत. त्यामुळे इथल्या डिसेंबरसाठी तिकडे नाताळची कुणाला आठवणही नसताना सामान भरावं लागे. बोट मुंबईला, मुंबईहून रेल्वेने पुणे, पुण्यात गाडी बदलून मीटरगेजवर मिरज. (पुणे-मिरज मार्ग १९७१ पर्यंत मीटरगेजच होता.) पेटी भरणाऱ्या मुलीला मिरज कुठे आहे ते माहीत नसायचं आणि पेटी उघडणाऱ्या मुलाला ती मुलगी कोण हे माहीत नसायचं.

कार्डांची गोष्ट तर खास आहे. घरोघर आलेली नाताळची कार्डं सण झाला की अमेरिकेतली मुलं गोळा करत. मागे काही लिहिलेलं असेल तर त्यावर कोरा कागद चिकटवत आणि ती मिशनला पाठवत. स्वस्त, हलकं आणि रंगीत. शंभर रुपयांच्या बजेटला याहून चांगलं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

काकूंच्या सासऱ्यांना लहानपणी असं एक कार्ड मिळालं होतं. त्यावर बर्फात बुडालेलं घर होतं. त्यांना कितीतरी दिवस वाटत होतं की घराच्या कौलांवर कुणीतरी मीठ वाळत घातलंय. मागच्या बाजूचा कोरा कागद त्यांनी पाणी लावून हळूहळू सोलून काढला. खाली निळ्या शाईत कुणाचं तरी अक्षर होतं. तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. चार-पाच वर्षांनी वाचता आलं तेव्हा कळलं की ते कार्ड कुणा मावशीने कुणा भाच्याला लिहिलेलं आहे. काकू म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, तोवर मला ते माझं वाटत होतं."

मी हे ऐकून गप्प बसलो. कार्ड स्वस्त होतं याचं त्यांना कधीच काही वाटलं नव्हतं. ते आधी दुसऱ्याचं होतं, हे मात्र आयुष्यभर लक्षात राहिलं.

त्याच मिशनच्या जगात दुसरीही एक वाट होती. अमेरिकन मिशनने १८७२ मध्ये 'बालबोधमेवा' हे लहान मुलांचं मराठी मासिक सुरू केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी मुलांसाठी मराठीत लिहीत होता. टिळकांची शेवटची वर्षं साताऱ्यात गेली. १९१७ मध्ये ते तिथे राहायला आले आणि १९१९ मध्ये वारले. कौलांवरचं मीठ आणि 'बालबोधमेवा' यांत फरक पैशांचा नाही. एक वस्तू देणाऱ्याच्या घरातून आली होती, दुसरी घेणाऱ्याच्या भाषेत तयार झाली होती.

गट पाडणारे

माझ्यासारखे गट पाडणारे आधीही होऊन गेलेत. १९१४ च्या नाताळला ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी उभा राहिला आणि लढाईवरच्या प्रत्येक सैनिकाला पितळेची एक छोटी डबी पाठवायचं ठरलं. साडेतीन लाखांहून जास्त डब्या त्या नाताळपर्यंत पोहोचल्या. आतलं सामान गटवार होतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तंबाखू, पाइप आणि सिगारेट. न ओढणाऱ्याला पेन्सिल, लिहायचं साहित्य आणि गोळ्या. नर्सना चॉकलेट. फ्रान्समध्ये तेव्हा हिंदी फौजाही लढत होत्या. त्यांच्यासाठी धर्म आणि चालीरीती बघून वेगळं काढलेलं : खडीसाखर आणि मसाल्याची डबी.

साताऱ्याच्या माणसाला हे वाचताना आपशिंगे आठवतंच. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे आणि पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांची आठवण गाव अजून जपतं. त्या काळच्या साम्राज्याच्या मानाने कुणीतरी मसाल्याच्या डबीचा विचार केला हे मला मोठंच वाटलं. शीख काय खातो, काय ओढत नाही, हे कुणीतरी विचारलं होतं. गट पाडणं वाईट नाही. विचारून पाडलेले गट आणि बसल्या जागी पाडलेले गट यांत मात्र फरक पडतो.

आणि भेटीमागे देणाऱ्याचा हेतू असतोच. १९२४ मध्ये अमेरिकेने जपानी लोकांना येण्यास बंदी करणारा कायदा केला. तेव्हा जपानमध्ये पूर्वी मिशनरी राहिलेल्या सिडनी ग्युलिक यांनी मोहीम काढली : अमेरिकन मुलांनी जपानी मुलांना बाहुल्या पाठवायच्या. १९२७ मध्ये १२,७३९ बाहुल्या गेल्या. जपानने उलट ५८ मोठ्या, देखण्या बाहुल्या पाठवल्या. पुढे युद्ध आलं आणि जपानमधल्या त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्यांपैकी बहुतेक नष्ट केल्या गेल्या. काही शिक्षकांनी मात्र त्या लपवून ठेवल्या, म्हणून शे-तीनशे आजही आहेत. भेट पाठवणाऱ्यांना दोन देश जोडायचे होते. लपवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र देश नसावा, वर्गातली मुलं ज्या बाहुलीशी खेळली ती एक बाहुली असावी.

आज जगभर 'शूबॉक्स' चालतात. एक मोठी अमेरिकन ख्रिस्ती संस्था १९९३ पासून बुटांच्या खोक्यांत भेटी भरून अनोळखी मुलांना पाठवते. खोक्यावर चिठ्ठी असते : मुलगा की मुलगी, आणि वय २ ते ४, ५ ते ९ किंवा १० ते १४. मी ते वाचलं आणि माझी एक्सेल फाइल पुन्हा उघडली. गट जवळजवळ तेच होते. त्यांच्या सूचनांत एक ओळ मात्र माझ्याकडे नव्हती : वापरलेली वस्तू भरू नका. काकूंच्या सासऱ्यांना ते कुणी सांगायची गरज नव्हती.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट खटकली. किती पाठवलं याचे आकडे मिळतात. बाहुल्या १२,७३९, डब्या लाखांनी. त्या वस्तूचं घेणाऱ्याने पुढे काय केलं, याचा कॉलम कुणी केलेला नाही. तो कार्ड सोलणाऱ्या पोरासारखा एखाद्या घरात सापडतो, नाहीतर नाही.

रविवारच्या आधीचा रविवार

काकूंनी सांगितलं, वाटपाच्या एक आठवडा आधी ये. "काय पाहिजे असं विचारू नकोस. मोबाइल आणि सायकल म्हणतील आणि तू खाली बघशील. चार वस्तू पिशवीत घेऊन जाऊ. हात कुठे जातो ते बघ."

आम्ही गेलो. सांगलीच्या पुढे, वाळव्याच्या बाजूला, उसाच्या फडाशेजारी कोप्या. आई-बाप फडात, म्हातारी माणसं आणि पोरं कोप्यांवर. मी चेंडू, खडू, क्लिपा, कंपासपेटी असं मांडलं. क्लिपा दोन मिनिटांत बघून झाल्या. कंपासपेटी मात्र हातातून हातात फिरत राहिली. शाळेत न जाणारी पोरंही ती उघडत-मिटत होती. एका मुलाला आतल्या कर्कटकाशी काही घेणं नव्हतं. तो झाकण दाबून म्हणाला, "हे बंद होतंय." कोपीत बंद होणारं, आपलं एकट्याचं असं काहीच नसतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

यादीत 'मुलगी, वय ११' म्हणून असलेली एक पोरगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन उभी होती. माझ्या गटांप्रमाणे तिला क्लिपा-बांगड्या. तिने पिशवीकडे बघितलंच नाही. मित्राच्या कमरेला लटकणारी छोटी टॉर्च दाखवून तिने विचारलं, "ह्याला सेल लागतेत का?"

आई-बाप गाडी भरायला रात्री-अपरात्री उठतात. मागे हीच पोरगी भावांना घेऊन अंधारात असते. चार्जिंगची टॉर्च होलसेलमध्ये ८५ रुपयांना मिळाली. चार्जिंग कुठे करणार, हे काकूंनीच विचारलं. ट्रॅक्टरवाला करून देतो, असं उत्तर आलं. माझ्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता.

त्या दिवशी फाइलमधली सात नावं चुकीची निघाली. 'बाळू' लिहिलेल्याचं नाव वेगळंच होतं. काही मुलं यादीतच नव्हती. कुणी दुसऱ्या टोळीवरच्या मामाकडून आलेलं, कुणी फाइल बनवताना झोपलेलं. मी वाटपाला चाळीस नग नेले, नऊच्या पुढच्यांना कंपासपेटी, मागेल त्याला टॉर्च. प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव घातलं, आदल्या रविवारी विचारून घेतलेलं खरं नाव. एकोणचाळीस मुलं आली. एक कंपासपेटी उरली, ती काकूंनी 'कुणीतरी राहिलेलं असतंच' म्हणून एका आजीजवळ ठेवली.

सगळं जमलं असं नाही. एका सहा वर्षांच्या मुलाला खडू दिले, त्याला चेंडूच हवा होता आणि तो रडला. मार्चमध्ये पट्टा पडल्यावर ती टोळी गेली. कंपासपेट्यांचं काय झालं, टॉर्च अजून चालते का, मला माहीत नाही.

फाइल मात्र मी बदलली. 'मुलगा की मुलगी' हा कॉलम काढून टाकला. त्या जागी दोन नवे केले : 'हात कुठे गेला' आणि 'पुढे काय झालं'. दुसरा एकोणचाळीस ओळींत रिकामा आहे. या डिसेंबरला मित्राकडे नवी यादी येईल. ती येण्याआधीच्या रविवारचं मिरजेचं तिकीट मी काढून ठेवलंय.