नंदलाल धूत आणि मराठवाड्यातला टीव्हीचा उद्योग

नंदलाल माधवलाल धूत हे ऊस आणि कापसाच्या व्यवहारातून पुढे आलेले मराठवाड्यातील उद्योजक. ‘व्हिडिओकॉन’ हा भारतातील एकेकाळचा अग्रगण्य इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसमूह त्यांच्या घराण्याने छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथून उभा केला. शेतमालाच्या पेठेत साठलेले भांडवल आणि व्यापारी जाण यांच्या बळावर कोरडवाहू मुलखातही आधुनिक कारखानदारी रुजू शकते, हे या उद्योगाने दाखवून दिले. तंत्रज्ञान उसने आणि पैसा कर्जाचा असला, तर एवढा मोठा डोलाराही कोसळतो, हेही त्याच्याच इतिहासातून दिसले.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातली इथली कारखानदारी मुख्यतः शेतमालावर बेतलेली होती. नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी, लातूरच्या डाळ आणि तेलाच्या गिरण्या, गावोगावचे जिनिंग-प्रेसिंग ही तिची ठळक रूपे. धूत यांचे पहिले मोठे पाऊलही याच वाटेवरचे होते. १९५५ मध्ये युरोपातून यंत्रसामग्री आणून त्यांनी गंगापूर साखर कारखाना उभारला. साखर कारखान्यात यंत्रे परदेशी असली, तरी कच्चा माल आणि मजूर आसपासच्या शिवारातलेच असतात. बाहेरचे तंत्र आणून त्याला स्थानिक मनुष्यबळाची जोड द्यायची, ही पद्धत धूत घराण्याने पुढेही चालू ठेवली.

इलेक्ट्रॉनिक्सकडे वळण्याची संधी १९८० च्या दशकात आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, पण मराठवाड्यातील बहुतेक गावांपर्यंत त्याचे प्रक्षेपण पोहोचत नव्हते. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतर लहान शहरांतही प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि टीव्ही उत्पादनावरचे सरकारी निर्बंध सैल झाले. मागासलेल्या भागात कारखाना काढणाऱ्यांना राज्य सरकार सवलती देत होते. बजाज ऑटोचा वाळूज येथील प्रकल्पही याच दशकातला.

नंदलाल यांचे पुत्र वेणुगोपाल यांनी पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. जपानच्या तोशिबा कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे रंगीत टीव्हीचे उत्पादन सुरू झाले. वेणुगोपाल यांच्यासोबत राजकुमार आणि प्रदीप हे बंधूही व्यवसायात होते. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ आणि पुढच्या वर्षीपासून ‘महाभारत’ दाखवले जाऊ लागले, तशी गावोगाव टीव्हीची मागणी वाढली. मोठ्या शहरांबरोबरच तालुक्याच्या बाजारपेठांतल्या दुकानदारांपर्यंत माल पोहोचवणे, हे व्हिडिओकॉनचे मोठे बलस्थान होते. टीव्हीपाठोपाठ धुलाई यंत्रे, वातानुकूलन यंत्रे आणि फ्रीज आले. १९९० च्या दशकात दणदणीत आवाजाचा ‘बझूका’ टीव्ही घराघरांत माहीत झाला.

सुट्या भागांसाठी इतरांवर अवलंबून राहू नये, म्हणून समूहाने पिक्चर ट्यूबसाठी लागणारी काच आणि फ्रीजचे कॉम्प्रेसर यांच्या उत्पादनातही गुंतवणूक केली. जुन्या टीव्हीत पिक्चर ट्यूब हाच सर्वांत महाग भाग असे, त्यामुळे हा विचार व्यवहाराला धरून होता. २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय व्हिडिओकॉनने विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधील कारखाने समूहाकडे आले. त्याच वर्षी इलेक्ट्रोलक्सचा भारतातील व्यवसायही घेतला गेला. मराठवाड्यात मुळे असलेल्या एका घराण्याने युरोपातले कारखाने चालवायला घेणे, ही या प्रदेशासाठी अपूर्व गोष्ट होती.

वेळ मात्र चुकली. जगाचा ओढा सपाट पडद्याच्या एलसीडी टीव्हीकडे होता. दोन-तीन वर्षांतच जगभरच्या विक्रीत एलसीडीने पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला मागे टाकले. ज्या तंत्रात पैसा गुंतला होता, तेच कालबाह्य झाले. भारतात कोरियन कंपन्यांची स्पर्धा तीव्र होती आणि नव्या पडद्यांचे स्वतःचे तंत्रज्ञान समूहाकडे नव्हते.

दरम्यान समूहाचा विस्तार भलत्याच क्षेत्रांत होत गेला. आंध्रच्या किनाऱ्याजवळील रव्वा तेलक्षेत्रात त्याचा २५ टक्के वाटा होता. मोझांबिकजवळच्या वायुक्षेत्रातील हिस्सा पुढे चांगल्या किमतीला विकला गेला. मोबाइल सेवेत मात्र मोठा फटका बसला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विविध कंपन्यांचे १२२ दूरसंचार परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचे २१ होते. कर्ज वाढत गेले.

जून २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. समूहातील १३ कंपन्यांवरील मान्य दावे सुमारे ६५ हजार कोटी रुपयांचे होते. वेदांत समूहातील ट्विन स्टारची समूह विकत घेण्याची २,९६२ कोटींची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, म्हणजे धनकोंना रुपयामागे पाच पैसेही मिळणार नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. आयसीआयसीआय बँकेच्या कर्जाच्या प्रकरणात वेणुगोपाल धूत यांना डिसेंबर २०२२ मध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

या पडझडीची सर्वांत मोठी झळ चितेगावच्या कामगारांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या लहान पुरवठादारांना बसली. तरीही आसपासच्या गावांतील तरुणांना घराजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीचे आणि दुरुस्तीचे कसब मिळाले, ते या कारखान्यामुळेच. नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांना आजही अशा रोजगाराची गरज आहे. धूत यांच्या धाडसाला स्वतःच्या संशोधनाची आणि कर्जाच्या शिस्तीची जोड मिळाली असती, तर चितेगावचा रोजगार टिकला असता.