सावळ्या कुंभाराची बाजू

‘गाढवाचं लग्न’ या वगातले सोंगाडे दादू इंदुरीकर यांचं नाव काढलं, की आमच्या मेहकरातले जाणते लोक हसून विषय बदलतात. ‘तरण्या वयात ‘गाढवाचं लग्न’ कोणाला आवडलं नाही? त्या वयात चावटपणाच गोड लागतो,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नव्या पोरांना तर इंदुरीकरच माहीत नाहीत. त्या वगातला सावळ्या कुंभार म्हटलं की त्यांच्यापुढे सिनेमातले मकरंद अनासपुरे उभे राहतात.

पूर्वपक्षाचं म्हणणं असं : सोंगाड्याचा विनोद अश्लील, शिवाय आयत्या वेळचा, म्हणून त्यात कला नाही.

दुसरा आक्षेप कच्चा आहे, तो आधी निकालात काढू. वगातले बरेच संवाद उभ्या उभ्या रचले जातात, हे कबूल. पण तमाशातल्या बतावणीत सरदार सरळ प्रश्न टाकतो, सोंगाड्या आडवं उत्तर देतो आणि दहा फाटे फोडूनही गोष्ट सुटली होती तिथंच आणून बांधतो. हे ज्याला सहज वाटतं त्यानं एकदा बोर्डावर उभं राहून पाहावं. नाट्यशास्त्रात पूर्वरंगातल्या ‘त्रिगता’त सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक यांचं असंच चालतं. भरतमुनींनी विदूषकाच्या असंबद्ध बडबडीला विधीत जागा दिली. पोरकट ठरवली ती आपण.

राहिली अश्लीलता. इंग्लंडच्या व्हरायटी रंगभूमीवरचा मॅक्स मिलर शेवटच्या शब्दाआधीच ओळ तोडायचा आणि हसणाऱ्या प्रेक्षकांनाच दटावायचा. चावटपणातही असं कसब असतं. पण हरिभाऊ वडगावकरांच्या या वगाचा खरा डंख द्व्यर्थी शब्दांत नाहीच. शापानं गाढव झालेला गंधर्व राजकन्येसाठी हटून बसतो आणि सोयरिकीचं लचांड येतं सावळ्या कुंभाराच्या गळ्यात. घरात खायची भ्रांत, समोर प्रभा शिवणेकरांची फटकळ गंगी, आणि हा बाबा राजाचा व्याही व्हायला निघालेला! हसू येतं ते सिंहासनाच्या फजितीचं. सोळाव्या वर्षी हे चटकन भिडतं. साठीत प्रतिष्ठा आडवी येते.

आमच्याच गावचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या तबकडीवरून घरोघरी पोचली. तिच्यावर जीव टाकणाऱ्या तरुणांना मात्र कोणी वयाचा दोष लावला नाही. मग हा न्याय इंदुरीकरांनाच का? मान्यतेचा शिक्काच हवा असेल तर सांगतो : ना. घं.ना साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८६ साली मिळाला, इंदुरीकरांना संगीत नाटक अकादमीचा १९७३ सालीच मिळाला होता.