दुपारी दोनची अटक

शनिवार, २ ऑक्टोबर २०२१, दुपार. मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर गोव्याला निघालेल्या कॉर्डेलिया जहाजाचे प्रवासी जमत होते. अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे (एनसीबी) पथक आधीच दबा धरून होते.

संध्याकाळ. अभिनेत्याचा मुलगा आर्यन खान, वय २३. त्याच्याजवळ काहीच सापडले नाही. मित्राकडे ६ ग्रॅम चरस मिळाल्याची नोंद झाली. कायद्याने १०० ग्रॅमपर्यंतचे चरस हे ‘अल्प प्रमाण’. झडतीचे चित्रीकरण झाले नाही.

अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क संशयिताला सांगावाच लागतो. हे अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचे कलम ५०. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे बंधनकारक ठरवले.

रात्री १ च्या सुमारास. कारवाईचा साक्षीदार असलेल्या दुसऱ्या पंचाने पुढे प्रतिज्ञापत्रात म्हटले, की याच वेळी त्याला बोलावून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. एनसीबीने आरोप फेटाळले. पहिल्या पंचावर पुण्याच्या फरासखाना पोलिसांत २०१८ पासून फसवणुकीचा गुन्हा होता. पंच स्वतंत्र आणि विश्वासार्ह हवा. एवढी खातरजमा करायला एक फोन पुरला असता.

रविवार, ३ ऑक्टोबर, पहाट ते दुपार. संशय सेवनाचा, पण वैद्यकीय चाचणी झाली नाही. फोन घेतला, रीतसर जप्ती नाही.

दुपारी २. अटक. कागदावर १३ ग्रॅम कोकेन, ५ ग्रॅम मेफेड्रोन (एमडी), २१ ग्रॅम चरस, एमडीएमएच्या २२ गोळ्या आणि रोख १ लाख ३३ हजार. ही सगळ्या छाप्याची बेरीज. त्यातला एक ग्रॅमही त्याच्याजवळचा नव्हता.

न्यायालयात हजर करण्याचे २४ तास अटकेपासून मोजले जातात. आदल्या संध्याकाळपासून ‘चौकशीला बसवलेले’ तास अटकेच्या कागदावर आलेच नाहीत. पुण्याच्या धायरी-नऱ्हेत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांनी हे आधी समजून घ्यावे: अटक केली आहे का, हे विचारायचे. कारण लेखी मागायचे. घरी कळवायला लावायचे. वकील मागायचा.

८ ऑक्टोबर. जामीन अर्ज दंडाधिकाऱ्यांच्या अधिकारात बसत नाही म्हणून फेटाळला. आर्थर रोड तुरुंग.

२० ऑक्टोबर. विशेष न्यायालयाचाही नकार.

२८ ऑक्टोबर, पहाटे ३ च्या सुमारास. कात्रजच्या एका लॉजमधून पुणे पोलिसांनी पहिल्या पंचाला २०१८ च्या गुन्ह्यात ताब्यात घेतले. त्याच दिवशी उच्च न्यायालयाने आर्यनला जामीन दिला.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०. आर्थर रोडच्या जामीनपेटीची वेळ संपली. आदेश पोचला नव्हता. आणखी एक रात्र आत.

३० ऑक्टोबर, सकाळी ११ च्या सुमारास. सुटका.

२७ मे २०२२. एनसीबीचे आरोपपत्र १४ जणांवर. आर्यनसह सहा जण पुराव्याअभावी वगळले. अटकेला २३६ दिवस झाले होते.